तबकावरची मडम

जावई सासरी आला की पाय धुतो, पाणी पितो, चार माणसांची खुशाली विचारतो. आमचे जावई पंडितराव आले की भांडी उलटी करतात. उंबऱ्यात "जय भीम, अक्का" म्हणायचं आणि थेट मांडणीकडे. तांब्या उलटा, परात उलटी, वरणाचं पातेलं उलटं. बुडाला कुठल्या गावाचा शिक्का आहे ते बघायचं. एकदा भरलेला तांब्या उलटा केला. माझं अंथरूण भिजलं, तर म्हणतात, "मुरादाबादी आहे, अक्का." मुरादाबादी आहे हे मला दुकानदारानं विकतानाच सांगितलं होतं, आणि त्यानं माझं अंथरूण भिजवलं नव्हतं.

हे गृहस्थ नशिराबादचे. जळगावला कॉलेजात इतिहास शिकवतात. माझी प्रमिला त्यांना दिली तेव्हा बरे होते. जेवायचे आणि झोपायचे. झोपलेल्या जावयाचा कुणाला त्रास नसतो. पण मुंबईहून एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं, जगातल्या जुन्या वस्तूंचं, आणि तेव्हापासून ते जाणकार झाले. आता लोक त्यांना लग्नाला बोलावतात आणि आंदणातली समई दाखवतात. हे खिशातून भिंग काढतात. भिंगातून बघताना तोंड असं करतात, जसं डॉक्टरनं नाडी धरली आणि पेशंट आधीच गेलेला निघाला.

आमच्या देवपुरातल्या घरी बुद्धमूर्तीपुढे एक तबक असतं. दीड वीत रुंद, पाठ पांढरी. पोटात एक मडम नदीकाठी बसलेली, अंगात गुलाबी झगा, शेजारी दोन मेंढ्या आणि एक कुत्रा. काठाला निळी-पिवळी फुलं. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, वा, काय विलायती काम आहे! पण मी ते पंचेचाळीस वर्षं रोज पुसते. मडमेचे केस काळेभोर आहेत. डोळे बारीक, कोपऱ्यातून वर ओढलेले. कुत्र्याला आयाळ आहे. मागे झाडं आहेत ती कळकाची, म्हणजे बांबूची. आणि काठावरच्या फुलांतून पाच वटवाघळं उडतात. कुठली गोरी बाई आपल्या तबकावर हौसेनं वटवाघूळ काढून घेईल?

हे तबक घरात आणलं माझ्या सासऱ्यांनी, सुकदेव बैसाणे यांनी. सगळे त्यांना आबा म्हणत. इंग्रजाच्या काळात आबा पाटबंधाऱ्याच्या इंजिनीअर साहेबाकडे स्वयंपाकी होते. साहेब साक्रीकडे पांझरा नदीचे बंधारे बघायला तंबू घेऊन निघाला की मागच्या बैलगाडीत आबा आणि त्यांची पातेली. मडमेनं त्यांना पुडिंग नावाचं गोड शिकवलं. तिच्या पुस्तकात ते भट्टीत करायचं लिहिलेलं. तंबूत भट्टी कुठली आणायची? आबांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, झाकणावर निखारे ठेवले, आणि ते मडमेच्या पुडिंगापेक्षा सरस झालं. पुढे मडमच पाहुण्यांना आग्रह करायची, माझ्या सुकदेवच्या हातचं खा म्हणून.

सेहेचाळीस साली दोघं नवराबायको विलायतेला निघाले, तेव्हा मडमेनं हे तबक आबांच्या हातात दिलं. तिच्या पणजोबाची जहाजं चीनला चहा आणायला जात, त्यानं कँटन नावाच्या बंदरातून आणलेलं. तिनं आबांना सगळं समजावून सांगितलं आणि आबांनी मला. चिनी कारागीर फार आधीपासून तांब्यावर बारीक तारांची कुंपणं घालून त्यांत काचेचे रंग भरत. पण सपाट तांब्यावर कुंचल्यानं चित्र काढायचं आणि भट्टीत पक्कं करायचं, ही विद्या विलायतेकडची. पाद्री लोकांनी तिथल्या बादशहाला ती दाखवली. बादशहा हट्टाला पेटला, मला हे माझ्या घरात पाहिजे. कारागीर बसवले. रंग करपले, भांडी तडकली, पण थोड्या वर्षांत ते गोऱ्यांच्या नाकावर टिच्चून काम करायला लागले. मग गोरे व्यापारीच आपल्याकडची छापील चित्रं घेऊन कँटनला जायला लागले, आम्हाला असंच काढून द्या म्हणून. कागदावरचं चित्र काळं-पांढरं. रंग चिनी माणसानं आपल्या मनानं भरले. गोरी बाई त्यानं जन्मात पाहिली नसेल, म्हणून डोळे दिले आपल्या बायकोचे.

"गंमत अशी शे भागा," आबा चुलीपुढे बसून सांगायचे, "चीनमा त्याले परदेशी भांडं म्हनतस, आनि विलायतमा चिनी भांडं."

साहेब गेला आणि महिन्याभरात पोलीस शिपाई आमच्या दारात. नव्या साहेबाच्या कारकुनानं चहाडी केली होती. आमच्या वस्तीत कुणाच्या घरी चांगली वस्तू दिसली की लोक ती बघायच्या आधी पावती मागतात. शिपायानं तबक हातात घेतलं आणि म्हणाला, "चीनचं म्हणतोस आणि वर गोरी बाई? खोटं तरी धड बोल." आबांना दिवसभर चौकीच्या ओसरीवर बसवून ठेवलं, दिवस मावळता सोडलं. गुन्हा काही लिहिला नाही, पण हा माणूस चांगला आहे असंही कुणी म्हटलं नाही.

आबा गेले त्या वर्षी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "भागा, तबक चीननं शे, आनि बाईनी दियेल शे. कोनी इचारं ते दोन्ही सांगजो. एक खोटं पडनं का दुसरं बी पडस."

म्हणून कुणी त्या तबकाला चिनी नाही म्हटलं की मला नक्षीबद्दल काही ऐकू येत नाही. माझा सासरा चोर होता, एवढंच ऐकू येतं.

एक्क्याण्णव सालच्या डिसेंबरात पंडितराव आले ते गोणपाट घेऊनच. कॉलेजात प्रदर्शन होतं, 'खान्देशातील घरगुती कलावस्तू'. माझा अडकित्ता घेतला, खलबत्ता घेतला, पितळेचं पानदान घेतलं. मग मूर्तीपुढची फुलं बाजूला करून तबकाला भिंग लावलं.

"अक्का, हे चिनी नव्हे."

"कोण म्हणतं?"

"चिनी वस्तूवर ड्रॅगन असतो. म्हणजे पाय असलेला साप. नाहीतर त्यांचे दाढीवाले साधू असतात. ही तर इंग्रज मेंढपाळीण आहे. हे इंग्रजी इनॅमल. लोखंडी पत्र्यावर चित्र छापतात. सिव्हिलमध्ये पेशंटला जेवायला देतात ना, त्याच थाळीचा हा जरा भारी प्रकार."

"सिव्हिलच्या थाळीत मडम असते होय? मी दोनदा ॲडमिट होते, मला नाही दिसली."

"अक्का, मी यावर वाचलंय."

"मी पंचेचाळीस वर्षं पुसलंय. कुत्र्याला आयाळ का?"

"लाडाचा कुत्रा असेल."

"कळक?"

"चित्रकाराची कल्पना."

"आणि ही वटवाघळं?"

"फुलपाखरं आहेत ती."

"फुलपाखराला कान असतात?"

पुन्हा भिंग लावलं, बघितलं, आणि भिंग खिशात टाकलं. कान दिसले असणार. पण हा माणूस सासूपुढे चुकतो असं त्याच्या पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं.

"तुमची श्रद्धा आहे, मी काय बोलू," ते म्हणाले. "आबांना साहेबानं थाप मारली असेल. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"जाऊ द्या ना, अक्का."

मी जाऊ देणारी बाई नाही. शिपाई बोलला तेव्हा मी पंचविशीची सून होते, डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी. हा तर आमच्यातलाच. चौदा एप्रिलला स्टेजवर चढून स्वाभिमानावर पाऊण तास बोलणारा. तबक मी फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "न्या. चार लोकांत मांडा. कुणी जाणता येईल, बघेल, सांगेल. मलाही एकदा ऐकायचंय."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी जळगावला गेले. पारोळा, एरंडोल, खड्डे मोजत. कॉलेजच्या फाटकावर प्रमिला उभी होती. ती शाळेत शिक्षिका आहे, चाळीस पोरांना डोळ्यांनी गप्प बसवते. माझ्याकडे मात्र बघेना.

"काय झालं माय?"

"आधी पाणी पी, आई."

पाणी पी म्हणाली तेव्हाच समजले, काहीतरी फुटलंय.

हॉलमध्ये टेबलं मांडलेली, वर पांढऱ्या चादरी. माझा खलबत्ता पुढे, तबक पार शेवटी, पोळपाटाच्या शेजारी. तबकावर एका बाजूला झेंडूचं मोठं फूल. पुढे पुठ्ठ्यावर लिहिलेलं. मी दुसरी पास आहे, अक्षर लावून वाचते. 'इंग्रजी इनॅमल ताट. साहेबाच्या बंगल्यातून आलेले.'

आलेले. ताट काय पायांनी आलं?

मी झेंडू उचलला. मडमेच्या झग्याखाली रुपयाएवढा टवका उडालेला. त्याच्या अलीकडे बारीक टिंबाटिंबांनी एकच अक्षर कोरलेलं होतं: 'प्रा.'

प्रमिलानं हळूच सांगितलं. निरनिराळ्या घरांतून चाळीस भांडी गोळा झालेली. ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पंडितरावांनी शक्कल काढली. गोणपाट उचललं, भांड्यांच्या दुकानात नेलं आणि सगळ्यांवर नाव घालायला सांगितलं. आता भांड्यावर नाव घालणं आमच्याकडे नवीन नाही. पोरीला ताट दिलं, घाला नाव. लग्नात शेजाऱ्याला पातेलं दिलं, घाला नाव, नाहीतर ते परत यायचं नाही. पण नाव घालतात पितळेवर, स्टीलवर. काचेचा मुलामा असलेल्या भांड्यावर करकर करणारं मशीन चालवायचं नसतं, हे सिव्हिलमधली आयाही सांगेल. यांचं म्हणणं खरं मानलं, ती लोखंडी इनॅमलची थाळी होती, तरी टवका उडणारच होता! दुकानदारानं डोळे झाकून मशीन लावलं. 'प्रा.' झालं आणि टवका उडून त्याच्या कपाळाला लागला. तिथं तो थांबला.

"नाव कुणाचं घालणार होते?" मी विचारलं. "भांडी तर घरोघरची."

प्रमिला जमिनीकडे बघत म्हणाली, "'प्रा. पंडित सुरवाडे यांच्या सौजन्याने.'"

लोकांची भांडी आणि यांचं सौजन्य! माझ्या सासऱ्याच्या तबकावर त्यातलं एवढंच उमटलं, प्रा. आणि टिंब.

तेवढ्यात पंडितराव आले. कोट घातलेला. "अक्का! कधी आलात? ते... जरा अपघात झाला. साधं ताट आहे, मी तुम्हाला दुसरं आणून देतो."

"कुठून, सिव्हिलमधून?"

शेजारच्या टेबलाशी एक म्हातारा सोनार उभा होता. आधार त्याचं नाव. बांगड्यांवर मीना, म्हणजे काचेचा रंग, भरण्यात त्याचा जन्म गेलेला, जळगावच्या सराफात सगळे ओळखतात. तो पुढे आला. "दखू का अक्का?" म्हणून त्यानं तबक दोन्ही हातांनी उचललं. टवक्यावरून नख फिरवलं. मडमेचा झगा उजेडाकडे धरला.

"काका, ते इंग्रजी इनॅमल आहे," पंडितराव म्हणाले. "लोखंडी पत्रा, वर छापील—"

"सर, हाई लोखंड नही. लाल दखाई राह्यनं ना? तांबं शे." त्यानं तबक कलतं केलं. "आनि छापेल बी नही. केस दखा, एक एक केस निराळा शे. बठ्ठा रंग हाते भरेल शे. आनि ही गुलाबी... या गुलाबीमा सोनं पडस, सर. दवाखानानी थाळीमा कोन सोनं टाकी?"

भोवती पाच-दहा पोरं-पोरी जमल्या होत्या. एक पोरगी फिसकन हसली. पंडितरावांनी कोटाचं बटण लावलं.

मी विचारलं, "भाऊ, चीनचं आहे का हे?"

"ते मले नही समजत, अक्का. मी मीना भरस. देश नही सांगता येस."

अख्ख्या हॉलमध्ये समजत नाही म्हणणारा तो एकटाच निघाला. अर्धं काम त्यानं केलं होतं. उरलेलं अर्धं माझ्या समोरच्या टेबलावर पडलेलं होतं: ते जाड इंग्रजी पुस्तक, लोकांनी बघावं म्हणून ड्रॅगनच्या पानावर उघडून ठेवलेलं. पान उडू नये म्हणून वर अडकित्ता. माझाच.

"प्रमिला," मी म्हटलं, "पुढची पानं उलट."

"अक्का, तिला त्यातलं—" पंडितराव म्हणाले.

"ती एम.ए. आहे. तुम्हीच सांगता पाहुण्यांना."

प्रमिलानं नवऱ्याकडे बघितलं. मग अडकित्ता उचलून बाजूला ठेवला आणि पान उलटलं. ड्रॅगनच्या पुढची पानं एकमेकांना चिकटलेली होती, नव्या वहीसारखी. तिनं ती नखानं सोडवली. चौथ्या की पाचव्या पानावर थांबली. चित्रात आमचं तबक नव्हतं, पण त्याचा सख्खा भाऊ होता. बंदूकवाला गोरा साहेब, चिंचोळ्या डोळ्यांचा, आणि पायाशी आयाळवाला कुत्रा.

ती वाचत गेली आणि मराठीत सांगत गेली. कँटनच्या कारखान्यांत तांब्यावर मीना रंगवत. ही रीत युरोपातून तिथं आली. गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणलेल्या छापील चित्रांवरून माणसं काढत, पण चेहरे, झाडं, जनावरं चिनी वळणावर जात. काठावर वटवाघळं काढत, ती त्यांच्याकडे भाग्याची. चिनी लोक या कामाला परदेशी म्हणत. सुरुवातीला तिचा आवाज फक्त माझ्यापुरता होता. वटवाघळांपर्यंत आली तेव्हा दारातल्या पोरांना ऐकू जात होता. लग्नाला बारा वर्षं झाली, नवऱ्यासमोर इतका वेळ सलग बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

मी चादरीचा काठ धरून उभी राहिले. आबांचे शब्द होते ते. चुलीपुढे बसून सांगितलेले, तेच, इंग्रजीतून.

वाटलं, आता हा माणूस खाली मान घालील. कसली मान! पंडितरावांचा चेहरा दिवाळी झाला.

"अरे वा! अक्का, मला संशय होताच. काहीतरी वेगळं आहे असं मी म्हटलंच होतं. हे फार दुर्मीळ निघालं!" पुठ्ठा फाडला, दुसरा घेतला, उभ्या उभ्या लिहायला लागले. लिहिताना मोठ्यानं वाचत होते, पोरांना ऐकू जावं म्हणून. "'दुर्मीळ चिनी मीनाकाम. कँटन. तांब्यावर. प्रा. पंडित सुरवाडे यांच्या शोधातून.'"

"आणि आबा?" मी म्हटलं.

"लिहितो ना. 'कालकथित सुकदेव बैसाणे, पाटबंधारे खाते.'"

"खात्यात काय होते आबा?"

"ते कशाला बारकाईत..."

"स्वयंपाकी लिहा. आणि मडमेनं आपल्या हातानं दिलं, तेही लिहा."

पंडितरावांनी मला कोपराला धरून खिडकीशी नेलं. आवाज खाली केला. "अक्का, समजून घ्या. प्राचार्य येताहेत, पुण्याहून पाहुणे येताहेत. माझ्या बायकोचे आजोबा साहेबाचे बावर्ची, हे पुठ्ठ्यावर लिहून लावू? आपण किती वर आलो, आणि परत तेच सांगायचं? शिवाय लोकांना खरंही वाटणार नाही. एवढी वस्तू स्वयंपाक्याकडे कशी, असं विचारतील. 'पाटबंधारे खात्यातील अधिकारी' लिहिलं की तबक शोभून दिसतं. वस्तूला घर पाहिजे ना तसं?"

तेव्हा मला त्या दिवशीच्या 'नाहीतर'चा पुरता अर्थ लागला: स्वयंपाक्याकडे अशी वस्तू म्हणजे चोरीचीच. तबक खोटं होतं तोवर आबा स्वयंपाकी चालत होते. तबक खरं निघालं, तर आता आबा खोटे करायचे.

मी टेबलाशी परत आले. नवा पुठ्ठा उचलला, घडी घातली आणि पोळपाटाखाली सरकवला. तबक प्रमिलाच्या हातात दिलं. तिनं आपल्या खांद्यावरची शाल काढून त्यात गुंडाळलं, काही न विचारता. आधार सोनार बाजूला होऊन वाट देत उभा राहिला. दारात गडबड झाली, प्राचार्य आणि दोन पाहुणे आत येत होते. पंडितराव त्यांच्याकडे हसत वळले. मी म्हटलं, हेही ऐकू देत.

"जावईबापू, इकडं बघा. माझा सासरा स्वयंपाकी होता. चोर नव्हता आणि अधिकारीही नव्हता. शिपायानं त्याला चोर केलं, आज तुम्ही त्याला अधिकारी करताय. शिपाई निदान परका होता. तुम्हाला आमच्या घरातलं भांडं पाहिजे, पण ज्याला ते मिळालं तो माणूस नको. असा घरोघर गोणपाट घेऊन फिरणाऱ्याला आमच्या देवपुरात प्राध्यापक म्हणत नाहीत, भंगारवाला म्हणतात."